थंडरबर्डमध्ये ‘कनेक्शन टाइम्ड आउट’: येणारा मेल मध्येच बंद, जाणारा मोठा मेल अडकतो

सरकी_धरणगाव
राम राम मंडळी. जिनिंगच्या ऑफिसात चार संगणक आहेत, तीन विंडोज १० आणि एक विंडोज ११. चारहींवर थंडरबर्ड १२८ हे मेलचं सॉफ्टवेअर. मेल आमच्या स्वतःच्या डोमेनचा, होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर, आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत). इंटरनेट गच्चीवरच्या वायरलेस डिशवरून येतं. ऑपरेटर स्थानिक आहे, राउटरमध्ये पीपीपीओईचं, म्हणजे ऑपरेटरकडे लॉगिन करून नेट जोडायचं, युजरनेम-पासवर्ड टाकलेलं आहे.

तक्रारी दोन. पहिली येणाऱ्या मेलची. दिवसातून दोन-तीनदा चारही संगणकांवर एकदमच ‘सर्व्हरशी जोडणी टाइम-आउट झाली’ असा निरोप येतो. अर्धा तास तसंच राहतं, मग आपोआप सुरू होतं. त्या वेळी गूगल, बँक, जीएसटी पोर्टल सगळं चालू असतं.

दुसरी जाणाऱ्या मेलची. काटापावत्या आणि गाठींच्या प्रतवारीचे रिपोर्ट आम्ही पीडीएफ करून पाठवतो. ६-७ एमबीपर्यंत फाइल जाते. १० एमबीची असली की ‘पाठवत आहे’वर अडकते आणि टाइम-आउट. तरी गुजरातमधल्या खरेदीदाराचा फोन आला, म्हणे एकच मेल तीनदा आला! आमच्याकडे तो तिन्ही वेळा न गेलेला दिसत होता.

ऑपरेटर म्हणतो होस्टिंगला विचारा, होस्टिंग म्हणतं ऑपरेटरला विचारा. हंगाम भरात आहे. सुरुवात कुठून करू?

गिरणाकाठ
सरकी भाऊ, सोपं आहे. सेटिंग्जमध्ये जनरल, अगदी तळाशी कॉन्फिग एडिटर. शोधखिडकीत ‘टीसीपीटाइमआउट’ असं इंग्रजी अक्षरांत सलग टाका. ‘मेलन्यूज’ने सुरू होणारी ओळ दिसेल, तिथे १०० असेल. ते ३०० करा, थंडरबर्ड बंद करून परत उघडा.

तापीकाठ
थांबा भो, आकडा आत्ताच बदलू नका. १०० म्हणजे १०० सेकंद. तेवढा वेळ समोरून काहीच हालचाल झाली नाही तर थंडरबर्ड वाट बघणं सोडतो. समोरचं दार खरंच बंद असेल तर ३०० केल्याने फक्त तिप्पट वेळ ताटकळत बसाल. कुठे काही उपयोग होईल तर तो दुसऱ्या तक्रारीत. पहिलीत नाही.

आधी हे पक्कं करा की बिघाड खरोखर टाइम-आउटचाच आहे. तीन प्रकारांची लोक नेहमी सरमिसळ करतात. पासवर्ड चुकला तर सर्व्हर उत्तर देतो आणि थंडरबर्ड परत पासवर्ड मागतो. पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या ज्या क्रमांकाच्या दारावर आपण जातो तिथे, कोणी ऐकतच नसेल तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं एक-दोन सेकंदांत येतं, म्हणजे समोरून स्पष्ट नकार मिळाला. टाइम-आउट वेगळा. आपण हाक मारली आणि कोणी हो म्हणेना की नाही म्हणेना. वाटेत कुणीतरी पाकीट, म्हणजे आपल्या डेटाचा तुकडा, गुपचूप टाकून दिलं. ते कुणी टाकलं एवढंच शोधायचं आहे.

पुढच्या वेळी मेल बंद पडला की त्याच अर्ध्या तासात हे करा, नंतर केलेल्या चाचणीला अर्थ नाही:

पॉवरशेल उघडा. ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, जागा सोडून तुमच्या मेल सर्व्हरचं नाव, परत जागा सोडून ‘-पोर्ट ९९३’, अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत. शेवटच्या ओळीत ट्रू येतं की फॉल्स ते लिहून ठेवा. ९९३ येणाऱ्या मेलचा, तसंच जाणाऱ्या मेलच्या ४६५ आणि ५८७ साठी. मग ‘एनएसलूकअप’ आणि सर्व्हरचं नाव टाकून पत्ता मिळतो का बघा. पत्ताच मिळत नसेल तर दोष डीएनएसचा (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), पुढचं सगळं बाजूला ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच क्षणी एक संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि मेल येतो का बघा.

शिवाय हे कळवा: येणाऱ्या-जाणाऱ्याचे पोर्ट आणि सुरक्षेचा प्रकार कोणता, अँटिव्हायरस कोणता मेल तपासतो, आणि ऑफिसात मेल वापरणारं दुसरं काय काय आहे. फोन, प्रिंटर, हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळं.

धुळे_हिशेब
मध्येच विचारतो, आमच्याकडे जुनं आउटलुक आहे. पाठवताना ०एक्स८००४२१०बी येतो. हाच प्रकार ना?

तापीकाठ
हो, तो पाठवतानाच्या टाइम-आउटचा क्रमांक. शेवटी ‘बी’ऐवजी ‘ए’ असेल तर मेल घेतानाचा. आउटलुकमध्ये वाट बघण्याचा वेळ मुळात १ मिनिट असतो. कंट्रोल पॅनलमधल्या ‘मेल’मधून खातं उघडा, मोअर सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड. तिथला सरकपट्टा १० मिनिटांपर्यंत नेता येतो. कारण शोधायची रीत मात्र वर लिहिली तीच.

सरकी_धरणगाव
आज सव्वाअकराला बंद पडलं. लगेच सगळं करून पाहिलं.

९९३, ४६५, ५८७ तिन्हींना फॉल्स. प्रत्येकाला वीसएक सेकंद लागले. एनएसलूकअपने पत्ता बरोबर दिला. सर्व्हरला पिंग (हाक मारून उत्तर येतं का बघायची चाचणी) लागत नाही, गूगलच्या ८.८.८.८ ला लागतो. हॉटस्पॉटवर घेतलेल्या संगणकावर मेल धडाधड आला! वेबमेलसुद्धा ऑफिसच्या वायफायवर उघडेना, मोबाइल डेटावर उघडलं. ११.४७ ला सगळं परत सुरू, मग तिन्ही पोर्ट ट्रू.

येणारा ९९३, एसएसएल/टीएलएस. जाणारा ४६५, तोही एसएसएल/टीएलएस. अँटिव्हायरसमध्ये ‘ई-मेल संरक्षण’ चालू आहे, येणारा-जाणारा दोन्ही. मेल वापरणाऱ्यांत चार संगणक, पाच फोन आणि स्कॅन करून परस्पर मेल पाठवणारा मोठा प्रिंटर.

कळण्याची_भाकर
सरकी दादा, चाचणी अगदी नेमकी केलीत. मी मेल सर्व्हरच सांभाळते, त्यामुळे हे चित्र ओळखीचं आहे.

बाकी इंटरनेट चालू, हॉटस्पॉटवर मेल चालू, ऑफिसातून मात्र त्या एकाच सर्व्हरकडे पिंगसकट सगळं बंद, आणि ठरावीक वेळाने आपोआप मोकळं. म्हणजे होस्टिंगच्या फायरवॉलने तुमच्या ऑफिसच्या आयपी पत्त्यावर तात्पुरती बंदी घातली आहे. ठरावीक मिनिटांत ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड आला की तो पत्ता काही काळ बाहेर. बंदी असताना फायरवॉल नकारही कळवत नाही, पाकीट नुसतं टाकून देतो. म्हणून तुम्हाला ‘पासवर्ड चुकला’ असं न दिसता टाइम-आउट दिसतो, आणि म्हणून चारही संगणक एकदम बंद पडतात. बाहेरून ते चारही एकाच पत्त्याने दिसतात.

तेव्हा तुमच्या पत्त्यावरून कोणीतरी चुकीचा पासवर्ड टाकतंय. माझा पहिला संशय प्रिंटरवर. पासवर्ड बदलताना संगणक आणि फोन आठवतात, प्रिंटरच्या वेब पानात लिहिलेला पासवर्ड राहून जातो. दुसरा संशय ड्रॉवरमधल्या जुन्या फोनवर, जो अजून वायफायला जोडलेला आहे.

होस्टिंगला नुसतं ‘मेल बंद आहे’ असं लिहू नका. असं लिहा: ‘आज ११.१५ ते ११.४७ या वेळात आमचा सार्वजनिक आयपी अमुक आपल्या फायरवॉलच्या बंदीयादीत होता का? असल्यास कोणत्या मेलबॉक्सच्या नावाने चुकीचे लॉगिन झाले?’ असा प्रश्न गेला की टाळता येत नाही, लॉग उघडावाच लागतो. सार्वजनिक आयपी मात्र बंदी चालू असतानाच, ऑफिसच्या इंटरनेटवरून, पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर बघा.

सातपुडा_वायरलेस
ताईंच्या म्हणण्यात एक भर. दोष कदाचित तुमच्या ऑफिसातला नसेलही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे ऑपरेटरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता ऑपरेटरने कित्येक ग्राहकांना मिळून दिलेला असतो. त्याच होस्टिंगवर मेल असलेल्या शेजारच्या दुकानदाराने पासवर्ड चुकवला तरी बंदी तुमच्यावर येते. अशा वेळी होस्टिंगला ‘आमचा पत्ता कायमचा मोकळा ठेवा’ म्हणू नका. पत्ता तुमच्या एकट्याचा नाही आणि उद्या बदलेल. ऑपरेटरकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घ्या, मग तो मोकळा ठेवायला सांगा.

आता दुसरी तक्रार. मोठं अडकतं, छोटं जातं, हे ऐकलं की मी आधी एमटीयू (पाकिटाची कमाल लांबी) तपासतो. पीपीपीओईवर एका पाकिटाची कमाल लांबी १५०० नसून १४९२ असते, ८ बाइट त्याचेच जातात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’, ‘-एफ’, ‘-एल १४६४’ आणि ८.८.८.८. १४६४ मध्ये २८ बाइट हेडरचे मिळवा, १४९२ झाले. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर १० ने कमी करत जा. जो आकडा पहिल्यांदा जाईल त्यात २८ मिळवून राउटरच्या वॅन एमटीयूमध्ये टाका. उगाच १४०० टाकून मोकळं होऊ नका, मोजून टाका.

आणि अपलोडचा वेगही कळवा. डाउनलोडचा नको.

शहादा_पपई
माझ्याकडे वेगळंच आहे. थंडरबर्ड उघडल्यावर पहिल्यांदा जोडायला खूप वेळ लागतो, कधी टाइम-आउट होतो. एकदा जोडला की दिवसभर चालतो. हेही बंदीमुळे का?

तापीकाठ
नाही. तुमच्या बाबतीत आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) बघा. सर्व्हरला दोन्ही पत्ते असतात, नवा लांबलचक आणि जुना. ऑपरेटरची नवी वाट अर्धवट असली की तिकडे गेलेली हाक हरवते, मग जुन्या पत्त्यावर येईपर्यंत वेळ जातो. ‘पिंग -६’ आणि ‘पिंग -४’ अशा दोन्ही तऱ्हांनी सर्व्हरला पिंग करा. ६ ला उत्तर नाही आणि ४ ला आहे, असं असेल तर कॉन्फिग एडिटरमध्ये ‘डिसेबलआयपीव्ही६’ शोधा, नेटवर्क-डीएनएसची ओळ येईल, ती ट्रू करा. ऑपरेटरने वाट दुरुस्त केली की परत फॉल्स करायला विसरू नका.

केळी_रावेर
आमच्याकडे दुपारच्या सुट्टीनंतर इनबॉक्सवर पहिली क्लिक केली की चक्र फिरत राहतं. तेही इथेच विचारतो.

सातपुडा_वायरलेस
तुमची जोडणी सुट्टीत मेली, थंडरबर्डला ते माहीत नाही. आयमॅपमध्ये ‘नवा मेल आला की लगेच सांग’ म्हणून एक जोडणी उघडी ठेवलेली असते. नियमाप्रमाणे ती २९ मिनिटांच्या आत ताजी करायची. पण अनेक राउटर आणि सीजीनॅट त्याच्या कितीतरी आधी शांत जोडणी विसरून जातात. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘दर १० मिनिटांनी नवे मेल तपासा’ आहे, ते ४ करा. तरी सुटलं नाही तर तिथलीच तात्काळ सूचनेची खूण काढा. लाईट जाऊन आल्यावरही हेच होतं, राउटरला नवा पत्ता मिळतो आणि जुन्या जोडण्या अधांतरी राहतात. तेव्हा फाइल मेनूतून ऑफलाइन करून परत ऑनलाइन केलं की पुरतं, संगणक रीस्टार्ट करायची गरज नाही.

डिशवाल्यांसाठी सांगतो. इन्व्हर्टरवर राउटर घेतात आणि डिशला वीज देणारा छोटा पीओई अडॅप्टर साध्या बोर्डावर राहतो. मग राउटरचे दिवे चालू आणि नेट गायब. दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर हवेत.

सरकी_धरणगाव
एकेक करून सांगतो.

ताई, तुम्ही म्हणालात तसाच प्रश्न होस्टिंगला पाठवला, दोन तासांत उत्तर आलं. दहा मिनिटांत पाच चुकीचे लॉगिन झाले की ३० मिनिटं बंदी असा त्यांचा नियम. चुका सगळ्या स्कॅनच्या मेलबॉक्सच्या नावाने! त्याचा पासवर्ड दिवाळीत बदलला होता, प्रिंटरमध्ये जुनाच होता. प्रिंटर एका स्कॅनला परत परत प्रयत्न करत होता. आता नवा टाकला. राउटरचा वॅन पत्ता १००.७ काहीतरी आहे.

पिंग १४६४ ला उत्तर आलं, १४७२ ला ‘तुकडे करावे लागतील’ असं आलं. अपलोड सकाळ-दुपार मोजला, १ एमबीपीएसच्या आसपास. १० एमबीचा मेल अजून अडकतोच.

सातपुडा_वायरलेस
१००.७ नंतर अजून एक आकडा असेल ना, १००.७४ वगैरे? तसं असेल तर सीजीनॅट नक्की. नुसता १००.७ असेल तर तो त्या पट्ट्यात बसत नाही.

१४६४ जातंय म्हणजे एमटीयू निर्दोष. तो विषय संपला.

कळण्याची_भाकर
मग आकडे मांडून बघू. फाइल मेलमध्ये जशीच्या तशी जात नाही, बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, जाते. दर ३ बाइटचे ४ होतात, वर ओळींचे शेवट. म्हणजे सुमारे १.३७ पट. १० एमबीचे झाले १३.७ एमबी, गुणिले ८ म्हणजे जवळपास ११० मेगाबिट. १ एमबीपीएसने ११० सेकंद. ७ एमबीच्या फाइलला तोच हिशेब ७७ सेकंद.

थंडरबर्डची मर्यादा १०० सेकंद. ७ जाते आणि १० अडकते, ते याच रेषेवर.

पण इथे एक मेख आहे. १०० सेकंद हे हालचाल थांबल्यापासूनचे मोजतात. अपलोड हळूहळू का होईना चालू असेल तर घड्याळ चालूच व्हायला नको. म्हणून एक बघा, १० एमबीचा मेल पाठवताना प्रगतीची पट्टी सावकाश सरकते, की दोन सेकंदांत टोकाला जाऊन बसून राहते?

सरकी_धरणगाव
क्षणात टोकाला जाते, मग ढिम्म.

कळण्याची_भाकर
मग अँटिव्हायरसच. तो थंडरबर्ड आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसलेला आहे. थंडरबर्ड सगळा मेल त्याच्या हातात देतो. ते संगणकातल्या संगणकात, म्हणून पट्टी क्षणात भरते. आता थंडरबर्ड ‘मिळाला’ या उत्तराची वाट बघतो आणि घड्याळ सुरू होतं. अँटिव्हायरस मात्र तोच मेल तुमच्या १ एमबीपीएसच्या वाटेने आत्ता कुठे पाठवायला लागलेला असतो. १०० सेकंद झाले की थंडरबर्ड हार मानतो. अँटिव्हायरस पाठवत राहतो आणि दहा-बारा सेकंदांत मेल पोचतोही. तुम्हाला तो अपयशी दिसला म्हणून तुम्ही परत पाठवला. खरेदीदाराला तीन मेल मिळाले ते असे.

अँटिव्हायरस पूर्ण बंद करू नका, कृपया. ई-मेल संरक्षणातली फक्त जाणाऱ्या मेलची तपासणी काढा. फाइल उघडताना, साठवताना होणारी तपासणी चालूच राहील. थंडरबर्डच्या प्रोफाइलचं फोल्डर मात्र तपासणीतून वगळा, नाहीतर अँटिव्हायरस तिथल्या इनबॉक्सच्या अख्ख्या फाइलला कुलूप लावतो.

गिरणाकाठ भाऊंचा सल्ला आता घ्या. टीसीपीटाइमआउट ६०० करा. एसएमटीपीच्या (मेल पाठवायच्या पद्धतीच्या) २००८ सालच्या प्रमाणकातच लिहिलं आहे की मेलचा मजकूर संपल्यावर पाठवणाऱ्याने उत्तरासाठी १० मिनिटं थांबावं, कारण सर्व्हर त्या वेळात मेल तपासत असतो. लवकर सोडून दिलं की दुबार मेल होतात. ६०० चा तोटा एकच, सर्व्हर खरंच बंद असेल तेव्हा निरोप उशिरा दिसेल.

गिरणाकाठ
मान्य. मी कारण न विचारता आकडा सांगितला होता. एक विचारतो, चार संगणक आणि पाच फोन एकाच मेलबॉक्सवर असतील तर जोडण्या जास्त होऊन असं होऊ शकतं का?

कळण्याची_भाकर
अडचण येऊ शकते, पण तिचं रूप वेगळं. थंडरबर्ड एका खात्याला ५ जोडण्या धरून ठेवतो, चार संगणकांच्या २०. डोव्हकॉट नावाच्या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरवर एका मेलबॉक्सला एका पत्त्यावरून मुळात १० चीच परवानगी असते. ओलांडली तर ‘जोडण्यांची मर्यादा ओलांडली असावी’ असा स्पष्ट निरोप येतो, टाइम-आउट नाही. तरी सामाईक मेलबॉक्स असेल तर सर्व्हर सेटिंग्ज, अॅडव्हान्स्डमध्ये ५ चे २ करून टाका.

सरकी_धरणगाव
झालं! वॅनचा पत्ता नीट वाचला, १००.७४ ने सुरू होतो. जाणाऱ्याची तपासणी काढली, ६०० केलं. १० एमबीचा मेल पहिल्याच फटक्यात गेला. पट्टी सावकाश सरकत होती, १ मिनिट ५५ सेकंद लागले. खरेदीदाराला फोन करून विचारलं, एकच आला. सकाळपासून येणारा मेलही एकदाही बंद पडलेला नाही.

ताई, तापीकाठ, सातपुडा भाऊ, तुमचं म्हणणं एकदम बरोबर शे. मनापासून आभार. स्टॅटिक आयपीसाठी ऑपरेटरला अर्ज दिला आहे. शेवटचं एक, कधी कधी रिपोर्ट २० एमबीचे होतात. ते जातील का?

तापीकाठ
तुमच्याकडून निघतील, पण समोरचा घेईल असं नाही. काही सर्व्हरांची हद्द २५ एमबी असते आणि ती बेस६४ झाल्यानंतरची धरा, म्हणजे मूळ फाइल १८ एमबीच्या आत हवी. २० चे २७ होतात, अशा ठिकाणाहून परत येईल. झिप करून फरक पडत नाही, स्कॅनची पीडीएफ आधीच दाबलेली असते. प्रिंटरमध्ये स्कॅन रंगीत ६०० डीपीआयवर असेल तर ग्रेस्केल २०० करा. काटापावती त्यात स्वच्छ वाचता येते. एक पान आधी काढून आकडे नीट दिसतात का बघा, मगच कायमचं ठेवा.